परवाना दुकानाला, पंप मजुराच्या पाठीवर

पिकावरची कीड मारण्यासाठी जे विष फवारावयाचे त्याला आपला शेतकरी 'औषध' म्हणतो. 'औषध मारून झाले का?' असे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर विचारले जाते. आणि कृषी केंद्राचा मालकही 'हे औषध जरा कडक आहे, पण गुण येतो' अशी शिफारस करतो. शहरातही निराळे नाही. घरात झुरळे झाली, दाराच्या चौकटीला वाळवी लागली, की आपण 'औषध मारणाऱ्या' माणसाला बोलावतो. शब्दाने वस्तूचा स्वभाव बदलत नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण वागणूक मात्र शब्दाप्रमाणे होते. औषधाच्या बाटलीशी मनुष्य जितक्या सैलपणे वागतो तितक्या सैलपणे तो विषाच्या बाटलीशी वागणार नाही.

हे विष कोणी विकावे, कोणी फवारावे आणि त्यात कोणी कुचराई केली तर त्याचे काय करावे, यासंबंधी आपल्या देशात कायदा आहे, नियम आहेत, निरीक्षक आहेत आणि प्रयोगशाळाही आहेत. हा सारा शेतकऱ्यांचा विषय आहे, आपल्याला काय त्याचे, अशी शहरातल्या सुशिक्षितांची समजूत असते. ती बरोबर नाही. मुळात हा कायदा झाला तो शेतात घडलेल्या घटनेमुळे नव्हे, तर ताटातल्या अन्नामुळे.

1958 साली केरळात आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात एकाएकी माणसे आजारी पडू लागली व शंभराहून अधिक दगावली. त्यांनी खाल्लेल्या पिठात पॅराथिऑन नावाचे जहाल कीटकनाशक मिसळले गेले होते. कोणी वैऱ्याने ते मिसळले नव्हते. अन्न आणि विष यांचा प्रवास शेजारी शेजारी झाला, विष सांडले आणि पिठात उतरले, इतकीच ती हकिगत. या प्रकरणाच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमण्यात आला. विषाची वाहतूक, साठवण आणि विक्री यांवर देशात धड बंधनच नाही, हे त्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानात आले. पुढे 1968 साली कीटकनाशक अधिनियम संमत झाला आणि 1971 साली त्याखालील नियम आले. दहा वर्षे जाऊ द्यावी लागली, हे आपल्या कारभाराच्या रीतीला धरूनच झाले म्हणावयाचे.

या कायद्याची सारी मदार परवान्यावर आहे. माल प्रथम केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदलेला असला पाहिजे. तो बनविणाऱ्याला परवाना, विकणाऱ्याला परवाना आणि धंदा म्हणून फवारणी किंवा धुरी देणाऱ्यालाही परवाना. परवाना म्हणजे भिंतीवर टांगावयाची चौकट नव्हे. त्याच्या पोटात अटी असतात. विक्री पक्क्या पावतीनेच झाली पाहिजे. मालाची नोंद वहीत ठेवली पाहिजे. मुदत संपलेला माल विक्रीला मांडता कामा नये. बाटलीवरील चिठ्ठी नियमाप्रमाणे हवी, आणि तिच्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन हवा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम, हिरवा सौम्य. लाल चौकोनात कवटी आणि हाडांचे चिन्हही असते. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून ही योजना आहे. मात्र हिरवा रंग पाहून 'हे काही बाधत नाही' असे समजणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत पदवीधरही आहेत.

पावतीचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. कारण पावतीवर मालाचा बॅच क्रमांक असतो. उद्या पीक जळाले किंवा माणूस आजारी पडला, तर त्या क्रमांकावरून दुकान, दुकानावरून घाऊक व्यापारी आणि त्याच्यावरून कारखाना असा माग काढता येतो. उधारीच्या व्यवहारात कच्च्या चिठ्ठीवर बाटली दिली गेली की हा माग तिथेच तुटतो. म्हणून पावती न देणे हा वरवर क्षुल्लक वाटणारा दोष परवान्याच्या दृष्टीने मोठा आहे.

आता शिस्तीचा भाग. निरीक्षकाला दुकानात शिरून वह्या पाहण्याचा, नमुना घेण्याचा आणि संशय आल्यास विशिष्ट मालाची विक्री काही दिवस थांबविण्याचा अधिकार आहे. नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद करावयाचे. एक दुकानदारापाशी राहतो, एक विश्लेषकाकडे जातो आणि तिसरा न्यायालयासाठी राखून ठेवतात. विश्लेषकाचा अहवाल दुकानदाराला मान्य नसेल तर त्याला आव्हान देता येते आणि मग तो राखीव भाग मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे जातो. ही योजना न्यायाची आहे. परंतु तिला एक फट आहे. कीटकनाशकाला मुदत असते. नमुना, अहवाल, पत्रव्यवहार, शासनाची संमती असे करीत खटला उभा राहीपर्यंत बाटलीची मुदत उलटून जाते आणि फेरतपासणीला काही अर्थ उरत नाही. 1999 साली हरियाणातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके या कारणावरून आरोपींच्या बाजूने निकाल दिला. आरोपीचा फेरतपासणीचा हक्क सरकारी दिरंगाईने बुडाला तर खटला कसा चालवावा? न्याय म्हणून ते योग्यच झाले. पण सदोष माल विकणाऱ्याला त्यातून वेळ काढण्याची युक्तीही सापडते.

म्हणूनच आमच्या मते या कायद्याचा खरा धाक तुरुंगाचा नाही, परवान्याचा आहे. परवाना लबाडीने मिळविला असेल, किंवा अटींचा भंग झाला असेल, तर परवाना अधिकारी तो निलंबित करू शकतो अथवा रद्द करू शकतो. त्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि निर्णयाविरुद्ध तीस दिवसांच्या आत अपील करण्याची मुभा असते. हंगाम तोंडावर असताना महिनाभर दुकानाला कुलूप लागणे म्हणजे काय हे व्यापाऱ्याला पुरते कळते. दहा-पन्नास हजारांच्या दंडाला तो तितका भीत नाही. विक्रेत्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्याने मोहोरबंद पाठविलेल्या बाटलीत आत काय आहे हे त्याला दिसत नाही. माल परवानाधारकाकडून घेतला, नीट साठवला आणि वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, हे त्याने सिद्ध केले तर कायदा त्याला दोषी धरीत नाही. हे सिद्ध करावयाचे कशाने? पुन्हा त्याच पावत्यांनी आणि वह्यांनी.

शहरात औषध मारणाऱ्यांवरही अशीच बंधने आहेत. त्यांच्याकडे शास्त्राचे शिक्षण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण असलेला मनुष्य असावा लागतो. कामगारांना संरक्षक कपडे, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही मालकावर टाकलेली आहे. याचे महत्त्व कळण्यासाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइड या एकाच पदार्थाचे उदाहरण पुरे. या गोळ्या धान्याच्या कोठारासाठी असतात. हवेतील ओलाव्याशी गाठ पडली की त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, आणि तो उंदीर, किडा व माणूस असा भेद करीत नाही. यावर उतारा म्हणून द्यावे असे औषध वैद्यकाजवळ नाही. म्हणून त्या केवळ सरकारी यंत्रणेला व मान्यताप्राप्त तज्ज्ञांनाच विकाव्यात असा निर्बंध आहे. तरीही ढेकणांसाठी बंद खोलीत त्या ठेवणारे कमी पैशांतले 'औषधवाले' भेटतात. शेजारच्या बिऱ्हाडात मूल झोपलेले असते, आणि मधली भिंत वायूला अडवीलच असे नाही. घरी आलेल्या माणसाला परवाना दाखवा म्हणण्याचा आपल्याला संकोच वाटतो. दूधवाल्याच्या मापाबद्दल मात्र आपण रोज हुज्जत घालतो!

इथवर सारे ठीक. दुकानाच्या फळीपर्यंत ही साखळी, निदान कागदावर, अखंड आहे. पण बाटली फळीवरून उचलली जाऊन शेताच्या बांधावर आली की काय होते? या कायद्याच्या 38 व्या कलमात एक सूट आहे. स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर जो कीटकनाशक वापरतो त्याला हा कायदा लागू नाही. सूट देण्यात हेतू वाईट नव्हता. कोट्यवधी शेतकऱ्यांना परवान्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लावणे हा जुलूम झाला असता. पण स्वतःच्या शेतात स्वतः फवारणारा शेतकरी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. पाठीवर पंप घेतलेला रोजंदारीचा मजूर नव्हता. धंदा म्हणून शेतात केलेली फवारणी नियमांच्या व्याख्येत येते खरी, पण मजूर काही धंदा चालवीत नाही, तो रोजावर येतो. तेव्हा मालकाच्या सवलतीच्या सावलीत तोही जातो, आणि त्याच्या अंगावर कपडे कोणते होते हे पाहण्याचे कर्तव्य कोणाचेच उरत नाही.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, किडीचा जोर होता आणि फवारण्यांवर फवारण्या चालल्या होत्या. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. पीक माणसाच्या खांद्याला लागले की फवारा पानांवरून परत अंगावर येतो. कपडे भिजतात आणि विष कातडीतून आत जाते. पुष्कळांची समजूत असते की तोंडाला रुमाल बांधला की झाले. वस्तुतः नाकापेक्षा कातडीची वाट अधिक मोठी. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. मज्जातंतूंचा निरोप थांबविण्याचे काम या विकराचे. ते बंद पडले की घाम, लाळ, उलट्या, दृष्टीला अंधारी आणि शेवटी श्वास अडणे असा क्रम लागतो. शेकडो माणसे रुग्णालयात गेली आणि वीसहून अधिक मरण पावली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, दुकानांची तपासणी झाली, आणि कायद्याच्या 27 व्या कलमाच्या आधाराने काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. हे सारे शिस्तीचे उपाय होते, आणि ते पोचले ते दुकानापर्यंतच. ते योजिले त्यापूर्वीच माणसे गेलेली होती.

येथे शहरातील आणि शेतातील दोन माणसे शेजारी उभी करून पाहावी. एकच विष हाताळणारे दोघे. जो कंपनीतर्फे आपल्या इमारतीत येतो त्याला नियमाप्रमाणे हातमोजे, प्रशिक्षण आणि ठरावीक काळाने तपासणी. जो कपाशीत उतरतो त्याला रोज, आणि फार तर एक गमछा. नियम विषाच्या जातीवरून ठरावयास हवा होता, तो माणसाच्या मालकावरून ठरला आहे.

दुसरीकडे हा प्रश्न कसा सोडविला हे पाहणे उपयोगी होईल. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने कीटकनाशकांचे दोन वर्ग केले. अधिक घातक वर्गातील माल प्रमाणपत्रधारक फवारणाऱ्याने अथवा त्याच्या देखरेखीखालीच वापरावयाचा, आणि हे बंधन स्वतःच्या शेतात फवारणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू केले. मात्र शिक्षेच्या बाबतीत व्यावसायिक आणि शेतकरी यांत त्यांनी फरक ठेवला. शेतकऱ्याला पहिल्या चुकीबद्दल आधी लेखी समज दिली जाते. आपल्याकडील धारणा पाहता ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. गावोगाव प्रमाणपत्रे वाटण्याचे काम निघाले तर ती परीक्षेवाचून विकत मिळू लागतील अशी शंका आम्हांस येते, आणि ती अगदीच निराधार नसावी.

आमच्या समजुतीप्रमाणे तूर्त दोन गोष्टी शक्य आहेत. लाल चौकोनाची बाटली ज्या पावतीवर विकली जाईल त्याच पावतीवर हातमोजे व अंगरखा यांची नोंद सक्तीची करावी; म्हणजे शिस्तीचा जो दोर दुकानापर्यंत पोचतो त्याच दोराने मजुराच्या पाठीपर्यंत जाता येईल. आणि रोजाने फवारणी करून घेणाऱ्याला 38 व्या कलमाची सूट संपूर्ण न देता, मजुराच्या संरक्षणापुरती काढून घ्यावी. कोणी म्हणेल, यामुळे लहान शेतकऱ्याचा खर्च वाढेल. वाढेल हे खरे आहे. पण हातमोज्यांचा खर्च आज वाचतो तो मजुराच्या कातडीवर वाचतो, एवढे तरी हिशेबात धरावे. 2008 साली आणि पुन्हा 2020 साली नव्या कायद्याची विधेयके राज्यसभेत मांडली गेली. त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत मुख्यतः कारखानदारांचे हक्क आणि दंडाच्या रकमा यांभोवती फिरली. रोजावर पंप उचलणाऱ्याबद्दल त्या चर्चेत फारसे वाचल्याचे आम्हांस आठवत नाही.

रिकाम्या डब्याची गोष्ट राहिली. डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असा नियम 1971 पासून आहे. 2013 च्या जुलैत बिहारातील सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजन जेवून तेवीस मुले दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. 1958 नंतर पंचावन्न वर्षांनी विष पुन्हा अन्नाच्या शेजारी येऊन बसले होते. परवाना तपासणारा कोणताही निरीक्षक त्या स्वयंपाकघरात जाणार नव्हता. आपल्या घरातील माळ्यावर, मोलकरणीने पाणी भरावयास नेलेल्या डब्यांत, अशा किती बाटल्या आहेत हे ज्याचे त्याने पाहावे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.