महाड-पोलादपूरच्या मदतीला जवान

पूर किंवा दरडीच्या वेळी बचावाची पहिली जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. त्याची ताकद अपुरी पडली की मागणीनुसार लष्कर, नौदल आणि तटरक्षक दल मदतीला येतात. त्यांच्याबरोबर येणारे एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, हे लष्कर नव्हे. निमलष्करी दलांतल्या जवानांचे ते खास आपत्ती दल आहे. त्याची पुण्याजवळची तुकडी घाट उतरून महाडला येते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. गढूळ पाण्यात काहीच दिसेना, तेव्हा क्रेनला भलेमोठे लोहचुंबक टांगून नदीचा तळ चाचपला गेला. एका गाडीचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांना सापडला तो ११ ऑगस्टला.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गाडले गेले. ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. अडचण वेळेची होती. महाड पाण्यात आणि रस्ते बंद, त्यामुळे बचाव पथके तळियेला पोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर चिखल उपसत होते ते वाचलेले गावकरीच.