शालेय शारीरिक शिक्षणातील युद्धकला आणि दांडगाईचा प्रश्न

शाळेतील दांडगाईस आळा घालण्यासाठी शारीरिक शिक्षणाच्या तासाला ज्यूदो, कराटे, तायक्वांदो यांसारख्या युद्धकला शिकवाव्यात, ही सूचना निरनिराळ्या देशांतून वेळोवेळी पुढे आलेली आहे. तिच्या मुळाशी दोन भिन्न कल्पना आहेत. दुर्बल मुलाच्या अंगी सामर्थ्य आले म्हणजे त्याच्या वाटेस कोणी जाणार नाही, ही पहिली. आणि युद्धकलेच्या शिस्तीमुळे उद्दाम मुलाच्या वृत्तीस वळण लागेल, ही दुसरी. सकृद्दर्शनी दोन्ही पटण्याजोग्या वाटतात. तथापि दांडगाईचे स्वरूप आणि उपलब्ध संशोधन ध्यानी घेता पहिली कल्पना अपुरी ठरते, तर दुसरी काही निश्चित अटींवरच खरी ठरते.

प्रथम दांडगाई म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया नॉर्वेतील बर्गेन येथे दीर्घकाळ कार्य केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० नंतरच्या दशकात घातला. त्यांच्या व्याख्येत तीन लक्षणे येतात : कृती हेतुपुरस्सर त्रास देणारी असते, ती पुनःपुन्हा घडते, आणि उभयपक्षी बलाबलाचा तोल नसतो. समान बळाच्या दोन मुलांतील भांडण, ते कितीही हातघाईवर आले तरी, या व्याख्येत बसत नाही. शिवाय हे बलाबल केवळ शारीरिक नसते. चिडवणे, वाळीत टाकणे, खोट्या कंड्या पिकविणे हेही छळाचेच प्रकार होत, आणि अशा छळापुढे मनगटातील बळ निरुपयोगी असते.

फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाल्ली व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये या विवेचनात महत्त्वाची भर घातली. छळणारा आणि छळला जाणारा एवढ्या दोघांपुरती ही घटना मर्यादित नसते; वर्गातील इतर मुलेही तिच्यात निरनिराळ्या भूमिका वठवीत असतात. कोणी छळणाऱ्याचा साथीदार होतो, कोणी हसून त्यास उत्तेजन देतो, कोणी अंग काढून घेतो, तर कोणी पीडिताचा कैवार घेतो. दांडगाई ही अशा प्रकारे समूहाच्या संमतीवर पोसली जाणारी क्रिया असल्यामुळे एकट्या पीडितास डावपेच शिकवून ती संपुष्टात येईल, ही अपेक्षा मुळातच तोकडी आहे.

या संदर्भात ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांचे चरित्र उद्‌बोधक आहे. विद्यार्थिदशेत अंगाने लहानखुरे असल्यामुळे त्यांना दांडग्या सोबत्यांचा जाच सोसावा लागला, आणि त्यातूनच ते जुजुत्सूकडे वळले. परंतु १८८२ मध्ये त्यांनी कोदोकान ही संस्था स्थापन केली ती प्रतिकाराची विद्या शिकविण्यापुरती नव्हे. जुन्या विद्येतील घातक अंगे सरावातून वगळून त्यांनी तिला शिक्षणाचे साधन बनविले. शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि स्वतःचे व इतरांचे परस्परकल्याण ही त्यांची दोन सूत्रे होत. ज्यूदोत नवशिक्याला प्रथम स्वतः सुरक्षितपणे पडावयास शिकविले जाते, आणि ज्याला पाडावयाचे त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी पाडणाऱ्यावर असते. प्रतिस्पर्धी हा शत्रू नसून शिक्षणातील सहकारी होय, हा या पद्धतीचा गाभा आहे. स्वतः कानो हे तोक्यो येथील उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

हा गाभा वगळला तर काय होते, याचा प्रत्यय देणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. मायकेल ट्रल्सन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपचारी वृत्तीच्या किशोरवयीन मुलांचे तीन गट करून त्यांना सहा महिने प्रशिक्षण देण्यात आले. एका गटास ध्यान, आदरभाव व तत्त्वविचार यांसह पारंपरिक तायक्वांदो. दुसऱ्यास केवळ लढण्याचे तंत्र. आणि तिसऱ्यास इतर शारीरिक व्यायाम, अशी योजना होती. पहिल्या गटातील आक्रमकता घटली, तर दुसऱ्या गटातील वाढली. मुलांची संख्या अल्प असल्यामुळे या निष्कर्षावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे.

याच्या जोडीला एंड्रेसेन व ओल्वेउस यांचा २००५ चा अभ्यास ठेवावा लागतो. बर्गेनमधील ४७७ मुलग्यांच्या या पाहणीत मुष्टियुद्ध, कुस्ती, भारोत्तोलन आणि पौर्वात्य युद्धकला यांत भाग घेणाऱ्यांचे क्रीडांगणाबाहेरील समाजविघातक वर्तन वाढल्याचे आढळले. मुळात आक्रमक असलेली मुलेच या खेळांकडे वळतात, एवढ्याने ही वाढ उलगडत नाही, असे अभ्यासकांनी दाखविले. अर्थात या पाहणीत भिन्न प्रकृतीचे क्रीडाप्रकार एकत्र आलेले असल्यामुळे तिचा दोष सरसकट युद्धकलांच्या माथी मारणे योग्य नव्हे. परंतु कोणतीही युद्धकला आपोआप शील घडविते, हा भाबडा समज तिच्यापुढे टिकत नाही.

शालेय दृष्टीने अधिक विचारणीय प्रयोग स्टुअर्ट ट्वेम्लो व सहकाऱ्यांचा होय. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसरी ते पाचवीच्या २५४ मुलामुलींचा समावेश होता. शारीरिक शिक्षणाच्या तासातच युद्धकलेचे सौम्य डाव, आत्मसंयम आणि छळ होताना पाहणाऱ्याने कसे वागावे याचे पाठ एकत्र गुंफलेले होते. ज्या मुलग्यांनी अधिक तास हजेरी लावली त्यांच्यात आक्रमकता कमी आणि पीडितास साहाय्य करण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. मुलींच्या बाबतीत मात्र असा परिणाम दिसला नाही. हा कार्यक्रम ज्या व्यापक योजनेचा भाग होता, तिची ९ प्राथमिक शाळांत घेतलेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्गातील शिस्तीची पद्धती, मार्गदर्शक सोबती आणि दिवसाअखेरचे आत्मपरीक्षण यांसह राबविलेल्या त्या योजनेने छळाच्या प्रमाणावर इष्ट परिणाम झाला. हे श्रेय एकट्या युद्धकलेचे नसून संपूर्ण शाळेच्या बदललेल्या वातावरणाचे आहे.

जपानचा अनुभव दुसऱ्या बाजूने सावध करणारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शाळांतून युद्धकलांना बंदी होती. ज्यूदोस १९५० मध्ये पुन्हा प्रवेश मिळाला, आणि एप्रिल २०१२ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकला अनिवार्य झाल्या. त्या सुमारास एक दारुण वस्तुस्थिती चर्चेत आली : १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांतील ज्यूदोमुळे शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले होते. मेंदूला झालेली इजा हे यांतील एक प्रमुख कारण होते. शिकविण्याच्या नावाखाली दमलेल्या वा नवशिक्या मुलाला पुनःपुन्हा आपटणे आणि छळ यांतील सीमारेषा पुसट असते, ही त्यातील खरी शिकवण. ज्या आखाड्यात वरिष्ठाचा शब्द निर्विवाद मानला जातो, तेथे दांडगाईला शिस्तीचा मुखवटा सहज मिळतो. छळाच्या प्रतिबंधासाठी जपानला २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हेही लक्षणीय आहे.

महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणास तालीम, लाठी व मर्दानी खेळ यांची परंपरा परिचित असल्यामुळे हा प्रश्न येथे परका नाही. समग्र शिक्षा योजनेखाली शाळांतील मुलींसाठी स्वसंरक्षणाच्या प्रशिक्षणाची तरतूद करण्यात आली. तिचे मोल निर्विवाद असले तरी परक्याच्या हल्ल्यापासून बचाव आणि वर्गसोबत्याकडून होणारा नित्याचा छळ हे दोन निराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यास लावल्यास पीडितावरच प्रतिकाराची जबाबदारी टाकल्यासारखे होते, आणि प्रतिकार न जमलेल्या मुलाच्या पदरी अपमानाबरोबर अपयशही येते.

सारांश, शाळेतील युद्धकला दांडगाईविरुद्ध उपयुक्त ठरावयाची तर चार गोष्टी अवश्य आहेत. जिंकण्यापेक्षा सोबत्याची सुरक्षितता हे शिक्षणाचे पहिले मूल्य असावे. तटस्थ प्रेक्षकास कैवारी बनविणे हे उघड उद्दिष्ट असावे. शिक्षक तंत्राबरोबरच बालमानस व दुखापतीची लक्षणे जाणणारा असावा. आणि वर्ग, मुख्याध्यापक व पालक यांच्या एकत्रित योजनेचा हा केवळ एक भाग असावा. या अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर बलवानाच्या हाती आणखी एक शस्त्र देण्यापलीकडे फारसे काही साधणार नाही.