व्हेनिसच्या वेशीवरील जकात

इटलीतील व्हेनिसच्या नगरपालिकेने २५ एप्रिल २०२४ रोजी शहराच्या वेशीवर एक आगळी जकात बसविली. ती मालावर नव्हती. सकाळी येऊन सायंकाळी परतणाऱ्या प्रवाशांवर होती. त्या वर्षी निवडक २९ दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात येणाऱ्यास ५ युरो मोजावे लागले. मुक्काम करणाऱ्यास माफी होती, कारण तो मुक्कामाचा कर वेगळा भरतोच. आपले शहर म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे, असे म्हणत काही रहिवाशांनी याविरुद्ध निदर्शनेही केली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या कल्पनेत गैर काही नाही. सेंट मार्कचा चौक, १५९१ मध्ये पूर्ण झालेला रियाल्टोचा पूल, कालव्यांकाठचे बोळ यांचे दर्शन फुकट घडते. पण ते राखण्याचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. मोटार शिरूच शकत नाही अशा या शहरात कचरासुद्धा हातगाडीने होडीपर्यंत न्यावा लागतो. भरतीचे पाणी अडविणारी जी पोलादी दारे ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम उपयोगात आली, त्यांवर ५ अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला आहे. दिवसभर गर्दी करून परतणारा पाहुणा या भारात भर घालतो आणि मागे फारसे काही ठेवीत नाही. त्याच्याकडून काही वसूल करणे न्याय्यच होय.

परंतु एवढ्याने साधले काय? पहिल्या वर्षी सुमारे ४ लाख ८५ हजार लोकांनी ही रक्कम भरली आणि तिजोरीत २४ लाख युरो आले. गर्दी मात्र हटल्याचे दिसले नाही. हटणार तरी कशी? सेंट मार्कच्या चौकातील जुन्या कॉफीगृहात बसून घेतलेला कॉफीचा एक पेलाही याहून महाग पडतो! जन्मात एकदा व्हेनिस पाहावे म्हणून आलेला मनुष्य ५ युरोंसाठी माघारी फिरत नाही. २०२५ मध्ये जकातीचे दिवस ५४ झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यास १० युरो पडू लागले, तरी मूळ हिशेब बदलला नाही.

खरा रोग निराळाच आहे. १९५१ मध्ये या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली उतरली. २०२३ मध्ये तर प्रवाशांसाठीच्या खाटा रहिवाशांहून अधिक झाल्या. शिक्षकाला किंवा परिचारिकेला महिन्याच्या भाड्याने घर देण्यापेक्षा तेच घर प्रवाशांना दोन-चार रात्रींसाठी देणे मालकाला किफायतशीर ठरते. त्याला दोष देता येत नाही. बाजार त्याला हेच शिकवितो. पण शिक्षक गेला की भाजीवाल्याचे गिऱ्हाईक जाते, आणि भाजीवाल्याच्या गाळ्यात मुखवटे व काचेच्या शोभेच्या वस्तू येऊन बसतात. जकातीने यातले काहीच अडत नाही. उलट मुक्कामी पाहुण्यास माफी असल्याने घरे भाड्याने देण्याच्या धंद्याला तिची झळ लागत नाही.

व्यापारावर उभे राहिलेले हे शहर. आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ ही मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची, त्यावरील मनुष्याकृतींवरून पडलेली ओळख. ज्यांचे नाणे इतक्या दूरवर चालले, त्यांच्या वारसांकडे आज विकण्यासाठी मुख्यतः स्वतःचे शहरच उरले आहे.

घरे अशी अल्पकाळ भाड्याने देण्यावर मर्यादा घालण्याची मुभा इटलीच्या संसदेने २०२२ मध्येच व्हेनिसला दिली होती. ती वापरण्यात जकातीइतकी तत्परता दिसली नाही. घरमालक मतदार असतात, प्रवासी नसतात. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये अशा सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू न ठेवण्याची घोषणा केली, हे येथे नमूद करावयास हवे.

रियाल्टोच्या पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेआड २००८ पासून एक विजेचा फलक लावलेला आहे. शहरात किती रहिवासी उरले, तो आकडा त्यावर दिसतो. पुलाकडे जाणारे प्रवासी त्याच्यासमोरूनच जातात.