मोटारीचा पत्रा आणि हौशी वेल्डर

जुन्या मोटारीचा खरा वैरी गंज होय. इंजिनाचे भाग झिजले तर बदलतां येतात. परंतु तळाचा पत्रा कुजला, किंवा दारांखालून जाणारी पोकळ पेटी आंतून पोखरली गेली, म्हणजे गाडीचा सांगाडाच दुबळा होतो. कोंकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत हें किती झपाट्यानें घडतें, तें मुंबईकडील गाडीवाल्यांस सांगावयास नको. कुर्ल्यास एके काळीं तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतून कायमची निवृत्त झाली. पण हौशी लोकांनीं त्या जातीच्या गाड्या अजून जपल्या आहेत. खासगी मोटारीस पंधरा वर्षें झालीं कीं पुनर्नोंदणीसाठीं तिची तपासणी होते, आणि वर्षानुवर्षें रंगाखालीं झांकलेल्या भोंकांची आठवण मालकास तेव्हां होते. मग हें काम स्वतःच शिकावें असें तो ठरवितो. विचार चांगला आहे. मात्र वाईट सांधा हा उघड्या भोंकापेक्षां अधिक घातक असतो. भोंक निदान दिसतें, वाईट सांधा रंगाखालीं मजबुतीचें सोंग करतो.

डाख देणें आणि वेल्डिंग यांत मूलभूत फरक आहे. डाख देतांना भांड्याच्या कडा वितळत नाहींत. मध्यें ओतलेला कथलाचा रस त्यांस चिकटून बसतो. वेल्डिंगमध्यें दोन्ही कडा स्वतः वितळून एकजीव होतात. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धांव करतांना लोहार पट्टीचीं दोन्ही टोकें पांढरीं होईतों तापवून ऐरणीवर ठोकून सांधी, तें काम याच कुळांतलें. पण तेथें जोडण्याचें काम घणानें होई, येथें तें उष्णतेनें होतें. ऑक्सिजन व अॅसिटिलीन यांची ज्योत फ्रान्समधील फूशे व पिकार यांनीं १९०३ च्या सुमारास व्यवहारांत आणली. लेप दिलेली विजेची कांब स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं काढली. तार आपोआप पुढें सरकते व वायूचें आवरण सांध्याचें हवेपासून रक्षण करतें, अशी तिसरी रीत अमेरिकेंतील बॅटेल संस्थेंत १९४८ सालीं सिद्ध झाली. तिलाच आज मिग म्हणतात.

मोटारीच्या हौशी कामास यांपैकीं कोणती रीत घ्यावी? वायूच्या दोन बाटल्या घरीं बाळगणें हें गृहस्थाचें काम नव्हे. शिवाय ज्योतीची उष्णता दूरवर पसरून पत्रा वेडावांकडा होतो. कांबेचें यंत्र सर्वांत स्वस्त, आणि फाटकाच्या सळ्या किंवा जाड कोनपट्ट्या जोडावयास उत्तम. पण मोटारीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनहि पातळ, बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, २.५ मिलिमीटरच्या कांबेस सुमारें ६० अँपिअर किंवा अधिक प्रवाह लागतो. परिणाम असा, कीं एक भोंक बुजविण्यास बसलेला मनुष्य तीन भोंकें पाडून उठतो. टिग नांवाच्या रीतीनें सांधा फार देखणा येतो, पण ती सावकाश चालते, दोन्ही हात गुंतवून ठेवते आणि पत्रा आरशासारखा स्वच्छ मागते. गाडीखालीं उताणें पडून नवशिक्यानें तिच्या नादीं लागूं नये. म्हणून मिग यंत्र आणि ०.६ मिलिमीटरची तार हीच निवड योग्य ठरते.

दुकानदार यंत्राचे जास्तींत जास्त अँपिअर मोठ्या अभिमानानें सांगतो. पातळ पत्र्याच्या कामांत विचारावयाचा प्रश्न उलटा आहे: हें यंत्र कमींत कमी किती प्रवाहावर स्थिर चालतें? तीस अँपिअरच्या आसपास ज्योत टिकत नसेल तर वरच्या दोनशें अँपिअरचा उपयोग शून्य. दुसरी गोष्ट कार्यकालाच्या प्रमाणाची. यंत्रावर साठ टक्के लिहिलें असेल तर त्या प्रवाहावर दहा मिनिटांत सहा मिनिटें काम व चार मिनिटें विश्रांति, असा त्याचा अर्थ. हें प्रमाण ४० अंश उष्णमान धरून ठरविण्याची पद्धति आहे; नागपूरच्या वैशाखांत पत्र्याच्या शेडखालीं तें आणखी कमी धरावें. घरची २३० व्होल्टची वीज व १६ अँपिअरचें बटण अशा हलक्या कामास पुरतें, फक्त अर्थिंग चोख असलें पाहिजे आणि लांबच लांब बारीक वायर जोडूं नये.

वायूविना चालणारी, आंत औषध भरलेली तारहि मिळते. उघड्यावर वारा असतांना ती सोयीची. पण ती अधिक तापते, ठिणग्या फार उडविते, मळी ठोकून काढावी लागते आणि तिच्यासाठीं यंत्राच्या जोडण्यांची धन-ऋण बाजू बदलावी लागते. वायु घ्यावयाचा तर आर्गन आणि कार्बन डायॉक्साइड यांचें मिश्रण पातळ पत्र्यास सौम्य पडतें. नुसता कार्बन डायॉक्साइड स्वस्त असतो व चालतोहि. थेंब मात्र जास्त उडतात.

यंत्रांत चार पैसे वांचवावेत, मुखवट्यांत वांचवूं नयेत. ज्योत पेटतांच आपोआप काळी होणारी कांच नवशिक्यास फार उपकारक, कारण तार कोठें टेकली आहे हें आरंभापूर्वी दिसतें. क्षणभर उघड्या डोळ्यांनीं पाहिलेल्या ज्योतीचा प्रसाद लगेच मिळत नाहीं. कांहीं तासांनीं, बहुधा मध्यरात्रीं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी वेदना सुरू होते. तमाशा पहावयास जमलेल्या मुलांस म्हणूनच प्रथम घरांत पाठवावें. अंगावर सुती जाड कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीस चिकटतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आधीं घासून घ्यावा व काम मोकळ्या हवेंत करावें. त्याच्या पांढऱ्या धुरानें संध्याकाळीं हुडहुडी भरून ताप येतो. ब्रेक साफ करण्याचे कांहीं द्रव क्लोरीनयुक्त असतात. त्यांची वाफ ज्योतीजवळ आल्यास फॉस्जीन हा विषारी वायु तयार होतो.

शिकण्याचा आरंभ गाडीवर मुळींच करूं नये. भंगारवाल्याकडून जुन्या बॉनेटचे तुकडे आणावेत. आय. टी. आय. मध्यें वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे; हौशी मनुष्यास तितका नको, पण चांगल्या कारागिराच्या शेजारीं चार संध्याकाळीं उभें राहिल्यानें पुस्तकी वाचनापेक्षां अधिक कळतें. मिग यंत्रांत तारेचा वेग वाढविला कीं प्रवाह वाढतो, हें प्रथम हातांत मुरावें. वेग बरोबर असला म्हणजे कढईंत भजीं तळल्यासारखा एकसारखा चरचराट होतो. तडतड होऊन तार ढकलूं लागली तर वेग जास्त, आणि मोठा थेंब लोंबून पडूं लागला तर कमी.

पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढणें हा नवशिक्यांचा आवडता अपराध. तापलेला भाग पसरूं पाहतो, भोंवतालचा थंड पत्रा त्यास पसरूं देत नाहीं, आणि निवतांना तो आखडून सर्व पृष्ठभागास लाट आणतो. म्हणून एक टिपका येथें, दुसरा वीतभर पलीकडे, असे विखुरलेले टिपके देत मधल्या जागा हळूहळू भराव्यात. दोन पत्रे एकावर एक असतील तर वरच्यांत सहा मिलिमीटरचें भोंक पाडून तें खालच्या पत्र्यापासून भरून घ्यावें. मग परीक्षा: तुकडा शेगड्यांत धरून हातोड्यानें फाडावा. सांध्याशेजारचा पत्रा फाटला तर उत्तम. सांधाच खपलीसारखा निघाला तर तो नुसता चिकटला होता. असे दहा तुकडे ओळीनें कसोटीस उतरेपर्यंत गाडीस हात लावूं नये.

प्रत्यक्ष गाडीवर कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा; कुजक्यावर ठिगळ लावणें हा केवळ वीज जाळण्याचा उद्योग आहे. बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि यंत्राचा चिमटा सांध्याच्या अगदीं जवळ लावावा, नाहींतर प्रवाह बेअरिंगांतून वाट काढून तीं खराब करतो. पेट्रोलची टाकी किंवा सी. एन. जी. ची बाटली जवळ असेल तर ती उतरविल्याविना ज्योत पेटवूं नये. रिकामी टाकी निरुपद्रवी असते ही समजूत प्राणघातक आहे. आंतली वाफ भरल्या पेट्रोलपेक्षां भयंकर. गालिचे व आसनें काढावीं, वाळूची व पाण्याची बादली शेजारीं असावी, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तेथें पहारा द्यावा.

कांहीं कामें हौशी माणसानें सोडूनच द्यावीं. स्टिअरिंगचे दांडे, सस्पेन्शनचे हात आणि ते जेथें गाडीस जोडलेले असतात त्या जागा कारागिराकडे द्याव्यात. नव्या गाड्यांत दारांमधील खांबांस बोरॉनयुक्त अतिकठीण पोलाद वापरतात. घरगुती उष्णतेनें त्याचें पाणी उतरतें आणि अपघाताच्या वेळीं तो खांब दुमडतो.

सांधा झाला म्हणजे काम संपलें नाहीं. पोकळ पेटीच्या आंतला रंग उष्णतेनें जळून गेलेला असतो, आणि गंज पुन्हा तेथूनच सुरू होतो. बाहेरून जस्तयुक्त अस्तर व रंग द्यावा. आंत लांब नळीनें मेणाचा द्रव फवारावा. तो फवारल्यानंतर तळाशीं पाणी निथळण्यासाठीं ठेवलेलीं बारीक भोंकें तारेनें टोंचून मोकळीं करावीं.