‘डार्क सोल्स’मधील प्राणरक्षणाची तजवीज

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेममध्ये योद्ध्याची क्षीण झालेली प्राणशक्ती पूर्ववत करण्याचे मुख्य साधन म्हणजे एस्टसची कुपी होय. खेळात विसाव्याची जागा असलेल्या सामान्य शेकोटीपाशी तिच्यात पाचच घोट भरून मिळतात, आणि शेकोटी उत्तरोत्तर प्रज्वलित केल्यास ही शिल्लक वीसपर्यंत जाते. परंतु तेथे विसावा घेताच मारलेले बहुतेक सामान्य शत्रूही पुनश्च हजर होतात, आणि उपचाराला असे मोल लावणारी ही योजना मला अत्यंत न्याय्य वाटते. कुपीखेरीज खेळातील दैवी चमत्कारांनीही जखमा भरतात. घोट घेताना मात्र योद्धा क्षणभर असहाय असतो. तेव्हा नवख्या खेळाडूने आधी शत्रूपासून दूर सरावे, मगच कुपी ओठी लावावी.