भिंतीवरची खतावणी

बँकेत अडतीस वर्षे नोकरी केली. आधी जाडजूड बांधणीच्या खतावण्या तपासल्या, पुढे संगणकाच्या पडद्यावरची खाती तपासली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना वरिष्ठांनी ‘हिशोबाचा पक्का माणूस’ असा माझा गौरवही केला. पण आयुष्यातली पहिली खतावणी मी बँकेत पाहिली नाही. ती पाहिली लालबागच्या चाळीत, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, चुलीमागच्या भिंतीवर.

माझी आजी खाणावळ चालवायची. खाणावळ म्हटल्यावर पाटी, टेबले, खुर्च्या असे काही डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याच खोलीत, आमच्याच चुलीवर ती आणखी नऊ माणसांचा स्वयंपाक करायची, एवढाच त्याचा अर्थ. बायका-मुलांना गावी ठेवून गिरणीत काम करणारे हे गडी. त्यांच्यासाठी भिंतीवर नऊ ओळी होत्या. आजीला अक्षरओळख नव्हती. रात्री भांडी घासून झाली की ती तंबाखूच्या डबीतल्या चुन्यात बोट बुडवायची आणि धुराने काळ्या झालेल्या भिंतीवर खूण करायची. उभी रेघ म्हणजे एक रुपया येणे, अर्धी रेघ म्हणजे आठ आणे आणि टिंब म्हणजे खाडा. पगार झाला, पैसे आले, की ओल्या फडक्याने ओळ पुसायची. कोणाची ओळ कोणती, हे फक्त तिला ठाऊक. नऊ जणांपैकी एकानेही त्या भिंतीवर कधी शंका घेतल्याचे मला आठवत नाही.

आजी मुंबईत आली १९२४ साली, सतरा वर्षांची असताना. संगमेश्वर तालुक्यातल्या गावाहून खाडीने होडीतून जयगड आणि जयगडहून बोटीने मुंबई. आजोबा साचाखात्यात होते. तेव्हाची गिरणगावातली संसाराची तऱ्हा आज सांगितली तर नातवंडांना खोटी वाटते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची मोठी पाहणी केली होती. फिंडले शिरास हे त्या पाहणीचे प्रमुख. १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. बँकेच्या ग्रंथालयात तो पहिल्यांदा हाती आला, तेव्हा मी जेवणाची सुटी संपल्यावरही वाचत बसलो होतो. आजीच्या घरातलेच आकडे कोणीतरी इंग्रजीत छापून ठेवले आहेत, असे वाटले.

त्या अहवालाप्रमाणे कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न बावन्न रुपये चार आणे सहा पै. खर्चाच्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ सत्तावन्न रुपये पोटात जात. कपड्यालत्त्याला साडेनऊच्या आसपास, भाड्याला पावणेआठ, जळण आणि दिवाबत्तीला साडेसातच्या आतबाहेर. शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहणारी. आणि एक वाक्य असे, की ते वाचून मी पुस्तक मिटले. मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जेवढे धान्य द्यावे असा नियम होता, त्यापेक्षा या मेहनती माणसांच्या वाट्याला कमी धान्य येत होते.

एका खोलीत राहणे म्हणजे काय, हे आकड्यांवरून कळत नाही. मुंबई सरकारने गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स नावाच्या एका स्त्री डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांनी १९२२ साली लिहून ठेवले आहे, की पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा कुटुंबे राहताना आढळली. पुरावा काय, तर जमिनीवरच्या सहा वेगवेगळ्या चुली! आजीच्या खोलीत चूल एकच होती, म्हणून ती स्वतःला सुखी समजायची. खोलीत एक मोरी, भिंतीला एक फळी, आढ्याखाली आडवी दांडी, तिच्यावर लुगडी आणि गोधड्या, कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक आणि पाटा-वरवंटा. उजेडाला रॉकेलची चिमणी. नळ आणि संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. रात्री बायका-मुले आत झोपत, पुरुष गॅलरीत किंवा खाली फुटपाथवर. पावसाळ्यात काय करायचे, असे मी एकदा आजीला विचारले होते. ‘‘बसून झोपायचं,’’ ती म्हणाली.

तिचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. १९२२ च्या कायद्याने गिरणीतले काम दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास आणि आठवड्याला साठ तास असे बांधून दिले होते. त्याआधी पुरुषांना बारा तासांची मर्यादा होती, तीही १९११ च्या कायद्याने आलेली. हे तास यंत्रापुढचे. भोंगा होण्याआधी चूल पेटायला हवी, त्याआधी पाणी भरायला हवे, आणि पाण्याआधी नळावरच्या रांगेत हंडा लावायला हवा. गडी कामावर गेले की दुपारचे डबे. तांदळाची भाकरी, आमटी, कधी सुकट, कधी बोंबील. डबे पोचले की वाण्याकडे, जळणाला, दळणाला. संध्याकाळी पुन्हा नऊ ताटे आणि घरची. कायद्याने आजोबांचे तास मोजले. आजीचे तास मोजणारा कायदा नव्हता.

सुरुवातीला तिचेही तास मोजले जात होते, हे मात्र खरे. मुंबईत आल्यावर ती रिळिंग खात्यात लागली होती. त्या काळी गिरण्यांतल्या पाच कामगारांमागे एक बाई असे. बायकांवर देखरेख करायला नाईकीण असायची, आणि तिला खूश ठेवल्याशिवाय बदलीचे कामही मिळत नसे. पहिली मुलगी झाल्यावर आजी दोन-अडीच महिन्यांत पुन्हा कामावर गेली. बाळंतपणाच्या भत्त्याचा मुंबई इलाख्यातला कायदा यायचा होता. तो आला १९२९ साली. तान्ह्या मुलीला शेजारणीकडे ठेवायचे तर ती रडता कामा नये. त्यासाठी बाळगोळी मिळायची. तिच्यात अफू असे. डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या आयांच्या बाळांना अफू दिली जात असल्याचे नोंदले आहे. आजीने ती गोळी दिली. ती मुलगी वर्षाची झाली नाही. गोळीने गेली की तापाने, हे आजीने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. एवढे मात्र खरे, की त्यानंतर ती गिरणीत परत गेली नाही. तिने घरात खाणावळ घातली. पुढे झालेली माझे वडील धरून चारही मुले तिने चुलीजवळ, डोळ्यांसमोर वाढवली.

आता थोडे माझ्या धंद्याचे बोलतो. शिरास यांच्या अहवालात जवळजवळ निम्मी, म्हणजे शंभरातली सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात आहेत. नेहमीचा व्याजदर रुपयाला महिना एक आणा. ऐकायला तो किरकोळ वाटतो. पण वर्षाचे बारा आणे, म्हणजे दरसाल शेकडा पंच्याहत्तर! पगार महिन्याने होई, तोही पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा उलटून गेल्यावर. मधले दिवस कामगाराने काय खायचे? गिरणीमालक मजुरी हातात ठेवून बसलेला, आणि कामगाराला उधारीवर जेवू घालणारी कोण, तर आजीसारखी बाई. ती वाण्याकडून उधार आणणार, नऊ जणांना शिजवून घालणार आणि पगाराची वाट पाहणार. मालकाने थकवलेल्या पगाराला भांडवल पुरवण्याचे काम गिरणगावातल्या चुली करत होत्या. हे मला कळायला बँकेत वीस वर्षे जावी लागली. कोणत्याही गिरणीच्या ताळेबंदात ही रक्कम कधी दाखवली गेली नाही.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने. बरेच कामगार गावी गेले. आजीच्या नऊ जणांपैकी पाच गेले, चार राहिले. त्या चौघांना ती जेवू घालत राहिली. तांब्याचा हंडा गहाण पडला, मग हातातल्या पाटल्या. वाण्याने हात आखडता घेतल्यावर एकवेळ पेजेवर आले. भिंतीवर मात्र रेघा वाढत होत्या. चार ओळी आढ्याकडे सरकत गेल्या, असे ती सांगायची. त्या वर्षी दिवाळीला भिंतीला चुना लावलाच नाही.

संप मिटला, गिरण्या सुरू झाल्या. चौघांपैकी दोघांनी वर्षभरात हप्त्याहप्त्याने पैसे फेडले. तिसरा आजारी होऊन गावी गेला आणि तिकडेच वारला. पुढच्या शिमग्यानंतर त्याचा भाऊ बोटीने मुंबईला आला. खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘‘वैनी, भावाच्या रेघा किती?’’ आजीने सांगितल्या तेवढे पैसे त्याने मोजून दिले आणि पाणी पिऊन निघून गेला. चौथा कुठे गेला ते कळले नाही. त्याची ओळ तिने दोन वर्षे ठेवली. मग एका दिवाळीला तिच्यावरून चुन्याचा हात फिरवला. हंडा सुटला, पाटल्या सुटल्या नाहीत.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तरीही १९८२ साली मी जे वागलो ते सांगायलाच हवे, त्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

मी नुकताच अधिकारी म्हणून बँकेत लागलो होतो. शाखा गिरणगावातलीच. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि पावसाळा आला तरी मिटण्याचे चिन्ह नव्हते. एके दिवशी पन्नाशीची एक बाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. घाटावरची, नऊवारी लुगडे, कपाळ मोकळे. तिची खाणावळ होती. तिला दोन हजार रुपये हवे होते. संपवाले येणे थकवून गावी गेले होते. आता जवळच्या इस्पितळातल्या आणि दुकानांतल्या नोकरांना डबे द्यायचे तिच्या मनात होते. मी तारण विचारले. नव्हते. जामीनदार विचारला. नव्हता. उत्पन्नाचा पुरावा विचारला. ती म्हणाली, ‘‘पंधरा माणसं जेवत्यात साहेब माझ्याकडं.’’ मी म्हणालो, ‘‘जेवत होती.’’

ती गेली. माझे वाक्य व्याकरणाने बरोबर होते आणि बँकेच्या नियमानेही.

संध्याकाळी घरी जेवताना मी हा प्रसंग सहज सांगितला. आजी तेव्हा पंचाहत्तर वर्षांची. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, ‘‘कागद नाय म्हणजे हिशोब नाय, असं हाय काय तुझ्या बँकेत?’’ मी नियम समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘तिच्या घरी जाऊन भिंत बगितलीस?’’

दोन दिवसांनी मी अर्जावरचा पत्ता शोधत गेलो. खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, गावी गेली, बहुधा आता यायची नाही.

लाज वाटावी अशी आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच खाणावळ चालवणाऱ्या या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभी केली होती. राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्जे मिळवून दिली होती, आणि बायका ती फेडतही होत्या. म्हणजे नियमात वाट होती. ती शोधावी एवढी गरज मला वाटली नव्हती. पुढच्या नोकरीत अशी कर्जे मी पुष्कळ मंजूर केली. कागद अपुरे असले की स्वतः घरी जाऊन पाहत असे. सहकारी चेष्टा करायचे, साहेब भिंती बघायला निघाले! पण त्या बाईचे दोन हजार माझ्या खात्यावर येणे राहिले, ते राहिलेच.

आज रविवार आहे. निवांत चहा घेत तुम्ही ही पुरवणी वाचत असाल. हा रविवारसुद्धा कोणीतरी मिळवून दिलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आजोबा त्या दिवशी अंगाला तेल लावून आंघोळ करायचे, दुपारी भजनाला जायचे. आजी मात्र त्या दिवशी गोधड्या धुवायची, आणि पगारानंतरचा रविवार असेल तर नऊ जणांसाठी मटणाचे वाटण वाटायची. ‘‘रविवारी गिरणी बंद असायची, पाटा नाय,’’ असे ती हसत सांगायची. त्या हसण्यात तक्रार होती की नव्हती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लालबागची आमची चाळ आता नाही. तिकडे वरळीच्या बी.डी.डी. चाळींत एकशे साठ चौरस फुटांत तीन-तीन पिढ्या काढलेल्या काही कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बातमीतल्या छायाचित्रात एक म्हातारी नव्या घराच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवरून हात फिरवत होती. मला उगाचच वाटले, ती जागा शोधते आहे.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. दूधवाल्याचा खाडा झाला की आमची मंडळी त्या तारखेवर पेनाने बारीक फुली मारतात. मी बँकेतला, म्हणून पूर्वी महिनाअखेरीला ते बिल स्वतः तपासत असे. आता तपासत नाही. फुल्या किती, एवढे विचारतो आणि पैसे काढून देतो.