टूथपेस्टचा घट्टपणा : स्वस्त पावडर महागात पडते

टूथपेस्टचा लहान कारखाना टाकू पाहणारे आमचे अनेक बांधव सुगंध, रंग आणि ट्यूबच्या छपाईवर बराच खल करतात. पेस्टला घट्ट करणारी पावडर मात्र दुकानदार देईल ती घेतात. माल बिघडतो तो बहुधा इथेच. ट्यूब उघडताच आधी पाणी गळते, मग कोरडा चुना निघतो. असा माल दुकानदार परत करतो आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते.

यातली सर्वांत चालणारी पावडर म्हणजे सीएमसी. आम्हा कापडवाल्यांना ती जुनी ओळखीची, कारण सुताच्या सायझिंगमध्ये ती वापरली जाते. लाकडाचा लगदा किंवा सरकीवरचा आखूड कापूस घेऊन त्यावर कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोअॅसेटिक अॅसिडची प्रक्रिया करून ती बनते. म्हणजे मूळ निसर्गाचे, घडण कारखान्याची.

पण नाव एक असले तरी माल एक नाही. सायझिंगच्या टेक्निकल मालात मीठ आणि इतर क्षार भरपूर राहतात. तोंडात जाणाऱ्या पेस्टसाठी धुऊन शुद्ध केलेला, साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपासचा मालच हवा. मिठाने सीएमसीचा घट्टपणाही उतरतो. म्हणून कापडाच्या बाजारातली पोती पेस्टच्या कारखान्यात नेऊ नयेत, भाव कितीही उतरलेला असो.

कोणत्या पेस्टला काय?

खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची साधी पांढरी पेस्ट असेल तर सीएमसी पुरते. पेस्टमध्ये मीठ किंवा इतर क्षार जास्त असतील तर झँथन गम बरा, तो क्षाराला सहसा दाद देत नाही. दोन्ही मिसळायचे असतील तर सेल्युलेजमुक्त झँथन मागावा. काही झँथनमध्ये हे एन्झाइम उरलेले असते आणि ते सीएमसीला हळूहळू तोडते. आज घट्ट दिसणारी पेस्ट काही आठवड्यांनी पातळ होते ती यामुळे.

कार्बोमर हा पूर्णपणे कृत्रिम. त्याची पारदर्शक जेल सुरेख होते. पण तो आम्लधर्मी असल्याने अल्कली घालून त्याला फुलवावे लागते, आणि कॅल्शियम व क्षारांशी त्याचे पटत नाही. खडूच्या पेस्टमध्ये तो टाकणे म्हणजे पैसा पाण्यात. जेल पेस्टमध्ये सिलिकाही लागते. तिथे घासणारी सिलिका वेगळी आणि घट्ट करणारी वेगळी, हे ऑर्डर देतानाच लिहून द्यावे.

हिशेब मांडून पाहा

शंभर किलो पेस्टला अशी पावडर साधारण एक किलो लागते. किलोमागे शंभर रुपये वाचवले तर शंभर ग्रॅमच्या ट्यूबमागे वाचतात दहा पैसे. या दहा पैशांसाठी ट्यूब, छपाई, सुगंध आणि नाव एवढे सगळे पणाला लावणे ही तिजारत नव्हे.

पावडर थेट पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. आधी ती ग्लिसरीनमध्ये कालवावी, मग पाणी घालून फुगायला वेळ द्यावा. फेसाचा माल शेवटी, हलक्या हाताने. जमल्यास व्हॅक्यूममध्ये घोटावे, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत.

आमचे गिऱ्हाईक हलालविषयी विचारते, तो त्याचा हक्क आहे. सीएमसी वनस्पतीची, झँथन साखरेवर जिवाणू वाढवून केलेला. खरा प्रश्न ग्लिसरीनचा, कारण ते चरबीचेही असते आणि तेलाचेही. पुरवठादाराकडून वनस्पतीजन्य असल्याचे लेखी घ्यावे.

टूथपेस्ट कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडते. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे विक्रीसाठी ती बनवायला राज्याचा परवाना लागतो, महाराष्ट्रात तो एफडीएकडून मिळतो.

शेवटी एकच आग्रह. पहिल्या घाणीच्या काही ट्यूब पंचेचाळीस अंशांच्या उबेत तीन महिने ठेवा आणि दर पंधरवड्याला एक पिळून पाहा. पाणी सुटले नाही, ब्रशवर पट्टी उभी राहिली, तरच माल बाजारात सोडा. तीन महिने थांबणे जड जाते खरे, पण परत आलेल्या पेट्या उतरवून घेणे त्याहून जड.